यादीतलं तिसरं नाव

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी आमच्या वस्तीवर प्रभुभोजन असायचं आणि त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तयारीची सभा. तिसगावपासून दोन कोसांवरची आमची वस्ती. तीसेक ख्रिस्ती घरं, पत्र्याचं एक देऊळ आणि रविवार सोडून इतर दिवशी त्याच देवळात शाळा. माझे वडील त्या शाळेचे मास्तर आणि वस्तीचे उपदेशकही. पोरांची हजेरी घ्यायची खोड त्यांनी मोठ्या माणसांनाही लावली, असं मला लहानपणी वाटायचं. पण ती चाल त्यांच्या आधीपासूनची होती.

त्या सभेत मंडळीची यादी मोठ्याने वाचत. ज्याचं नाव येईल त्याने उठायचं आणि पाठ केलेलं एक वचन म्हणायचं. प्रभू येईल तेव्हा तोही नाव घेऊन हाक मारणार, त्या वेळी कोणी गडबडू नये, म्हणून ही उजळणी. कोणी परगावी गेलेला असला तर त्याच्या घरचं माणूस त्याच्या नावाला उठे आणि त्याचं वचन म्हणे. मेलेल्याचं नाव दफनाची प्रार्थना झाल्यावर यादीतून जाई, त्याआधी नाही. एक म्हातारे दरवर्षी दोनच शब्दांचं वचन म्हणून मोठा तीर मारल्यासारखे खाली बसत. एका आजीबाईंना वचनाचा शेवट कधीच आठवला नाही, तो सगळी सभा मिळून पुरा करी. आम्ही पोरं त्याचीच वाट बघत बसायचो.

यादीत पहिलं घर आमचं. बाबा, मग आई, मग दादा, मग मी. नगरहून शिक्षिकेचं शिक्षण घेऊन मी परत आले तेव्हापासून दरवर्षी यादी नव्याने लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझं अक्षर चांगलं. अक्षराचा मला गर्व होता. तेवढीच एक गोष्ट माझ्यापाशी होती, असं म्हटलं तरी चालेल.

दादा एकेचाळीस साली पलटणीत भरती झाला. त्याचं एक कार्ड मलायाहून आलं, त्यात तिथल्या पावसाची तक्रार होती. पुढच्या वर्षी सरकारी कागद आला. बाबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "बेपत्ता आहे. म्हणजे सापडत नाही, एवढंच."

"सापडत न्हाई म्हंजी हाय कुटंतरी," आई म्हणाली. तिने तो कागद घडी करून पेटीत ठेवला, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

त्या वर्षीच्या तयारीच्या सभेत तिसरं नाव आलं तेव्हा आई उठली. दादाचं वचन जागं राहण्याबद्दलचं होतं. लहानपणी तो देवळात हटकून झोपायचा, म्हणून बाबांनीच ते त्याच्या माथी मारलं होतं. आई अक्षरशत्रू. पण तिने ते अगदी दादासारखं म्हटलं, एका दमात, शेवटचा शब्द गिळून. मागे कोणीतरी हुंदका दिला. आईने वळूनही पाहिलं नाही.

मग ती दरवर्षी उठायला लागली.

लढाईमुळे रॉकेल रेशनवर मिळे, महिन्याला एक बाटली, तीही मिळाली तर. आई उन्हाळ्यापासून त्यातलं थोडं थोडं दुसऱ्या बाटलीत काढून ठेवी. आगमनकाळाचे चार आठवडे दाराबाहेर खुंटीला कंदील लावायचा, हा तिचा नेम. त्यापायी आम्ही आठ-आठ महिने दिवस मावळायच्या आत जेवायचो, आणि मी चुलीच्या उजेडात पोरांच्या पाट्या तपासायची. मी चिडायची. "प्रभूला अंधारात दिसत नाही का?" असं एकदा म्हटलंही.

"प्रभूला दिसतं," आई म्हणाली. "माज्या पोराला सांजंचं कमी दिसतं."

हे खरं होतं. दादाला संध्याकाळी नीट दिसत नसे, आणि पलटणीतल्या डॉक्टरला ते कळलं नव्हतं.

शेजारच्या मळ्यातली पाटलीणबाई येता-जाता कंदिलाकडे बघायची. मनाने वाईट नव्हती बाई. एकदा ती आईला म्हणाली, "तुमचा देव दरसाली येतोय म्हनता. मंग त्याला इचारा की पोराचं." आई हसली. मला मात्र त्या बाईचा राग आला, आणि त्याहून जास्त राग आला तो तिचं म्हणणं मला पटलं याचा.

माझं लग्नही त्यात अडकलं होतं. संगमनेरचं एक चांगलं स्थळ होतं, मुलगा शिक्षक. आई म्हणायची, "भाऊ आल्याबिगर लगीन न्हाई. पोरीच्या मागं हुबा कोन ऱ्हाईल?" त्या लोकांनी दोन वर्षं वाट पाहिली.

लढाई संपली. आसपासच्या गावची माणसं परतू लागली. पंचेचाळीसच्या नाताळानंतर कोल्हारकडचा एक जण आमच्याकडे आला. तो दादाबरोबर जपान्यांच्या एकाच छावणीत कैदी होता. दादाला इतर कैद्यांबरोबर जहाजावर चढवताना त्याने पाहिलं होतं. जहाज कुठे गेलं, पोचलं की नाही, कोणाला माहीत नव्हतं. "त्या जहाजातलं कोनी मला पुन्ना भेटलं न्हाई," एवढं बोलून तो चहाच्या कपात बघत राहिला.

आईने विचारलं, "अंगात काय हुतं त्याच्या?"

"चड्डी, मावशी. समद्यांच्या अंगात तेवडीच हुती."

दुसऱ्याच दिवशी आईने दादाच्या मापाची बंडी शिवायला घेतली. त्या दिवशी मला कळून चुकलं की आता काही होणार नाही. दादा येणार नाही, आई थांबणार नाही आणि आमच्या घरात कधीच काही पुढे सरकणार नाही. प्रार्थनेला बसले की माझ्या मनात फक्त ती बाटली यायची, निम्मी भरलेली.

शेहेचाळीस साली, पावसाळा सरताना, संगमनेरच्या लोकांनी दुसरीकडे जमवलं. नोव्हेंबरात मी यादी लिहायला बसले. बाबांचं नाव लिहिलं, आईचं लिहिलं आणि त्याच्याखाली माझं. अक्षर नेहमीसारखंच आलं. आईची यातून सुटका व्हावी म्हणून मी ते केलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि थोडं तसं होतंही. पण मुख्य म्हणजे मला तिचा संताप आला होता. ज्याला प्रार्थना मिळाली नाही, माती मिळाली नाही, त्याला मी बोरूच्या टोकाने पुरून टाकलं. यादी बाबांच्या मेजावर ठेवली. ती तिथे आठ दिवस होती.

शनिवारी सभा भरली. बायकांनी देवळाची जमीन सकाळीच सारवली होती, ओल अजून पायाला लागत होती. बाबांनी स्वतःचं नाव वाचलं, स्वतःच उभं राहून वचन म्हटलं. मग आईचं नाव. आई उठली, वचन म्हणाली, आणि खाली बसलीच नाही. गेली काही वर्षं ती तशीच उभी राहायची, गुडघे दुखायचे म्हणून, दोनदा उठणं नको.

बाबांनी माझं नाव वाचलं.

आई उभीच होती. तोंड उघडलं होतं, वचनाचा पहिला शब्द ओठांवर आलेला मला दिसला. तिने बाबांकडे पाहिलं. बाबांची नजर कागदावर होती. ती यादी बाबांना तोंडपाठ होती. वीस वर्षं ते ती वाचत होते, आणि कागदाकडे ते फक्त रीत म्हणून बघत. त्या दिवशी मात्र त्यांनी मान वर केली नाही. आईने माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून ती खाली बसली, जमिनीला हात टेकून, हळूहळू. मी उठले आणि माझं वचन म्हटलं.

त्या संध्याकाळी तिने साठवलेल्या बाटलीतलं रॉकेल घरातल्या चिमणीत ओतलं. "पाट्या तपास," मला म्हणाली. दाराबाहेर कंदील लागला नाही, त्या वर्षी नाही आणि पुढे कधीच नाही. बंडी तिने कुणाला देऊन टाकली ते मी विचारलं नाही. बाबांशी या गोष्टीवर माझं एकदाच बोलणं झालं. ते म्हणाले, "तू लिहिलंस, मी वाचलं." त्यात राग नव्हता. दोघांनी मिळून केलेल्या कामाची ती वाटणी होती.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षी मी दादाचं नाव यादीत परत लिहिलं. आमच्यात आणखी एक चाल होती. तयारीच्या सभेच्या आदल्या दिवशी ज्याच्याशी बिनसलं असेल त्याच्या दारात जायचं आणि तिढा सोडवायचा. शुक्रवारी मी आईपाशी गेले. ती अंगणात शेण कालवत होती. मी म्हटलं, "आई, माझं चुकलं. नाव मी गाळलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. "तुजं-माजं कुटं भांडान हाय?"

"या वर्षी लिहिलंय मी."

ती कालवत राहिली. "बरं केलंस," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सभेत बाबांनी आपलं वचन म्हटलं. आईने आपलं म्हटलं आणि ती लगेच खाली बसली. मग बाबांनी दादाचं नाव घेतलं, वर बघून, खणखणीत आवाजात. आई हलली नाही. मांडीवर हात ठेवून, एखाद्या परक्या माणसाचं नाव ऐकावं तशी ऐकत होती. बाबांनी नाव पुन्हा घेतलं. सगळी सभा आमच्याकडे बघत होती. मला ते वचन पाठ होतं. मी उठायला हवं होतं, घरातलं कोणीही उठलं तरी चालत होतं. माझा पाय हलला नाही. जो येणार नाही हे मला ठाऊक होतं, त्याच्या नावाने जागं राहण्याची कबुली माझ्याने देववेना.

मग बाबांनी माझं नाव घेतलं. मी उठले, आणि माझं वचन एकही शब्द न चुकता म्हटलं.