नलू कडेला उभी होती

अमळनेरहून नलूच्या धाकट्या भावाचा निरोप आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. ताई सकाळी गेली, त्रास काही झाला नाही, असा निरोप. मी हातातला पिळा तसाच बादलीत टाकला आणि गच्चीच्या कठड्याला धरून उभी राहिले. रडू आलं नाही. परीक्षेचा पेपर अर्धा राहिला आणि घंटा झाली, तसं झालं. आता महिना होऊन गेलाय. नलिनी माझी मैत्रीण, गुजरातच्या सीमेवरच्या सिल्वासाच्या शाळेतली. तिच्याइतकं प्रेम मी फार थोड्या माणसांवर केलं... आणि आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरले असेन तीसुद्धा तिलाच.

आम्ही दोघी एकाच वर्षी त्या सरकारी मराठी शाळेत लागलो. ऐंशीचं दशक अर्ध्यावर आलं होतं. गावाबाहेर रोज एक नवी शेड उभी राहायची, मुंबई-पुण्या-नाशकाचे इंजिनियर बायकामुलांसह यायचे आणि त्यांच्या पोरांना शिकवायला आमच्यासारख्या लांबून आलेल्या बाया. मी चिपळूणची, लग्न होऊन आलेली. माझे मिस्टर धाग्याच्या एका कंपनीत शिफ्ट सुपरवायझर होते, टोकरखाड्याला आम्हाला कंपनीच्याच दोन खोल्या होत्या. नलू अमळनेरची, एकटी, दोन गल्ल्या पलीकडे एका गुजराती कुटुंबाच्या माडीवर भाड्यानं राहणारी. भूगोल शिकवायची आणि मुलींची खो-खो घ्यायची, पदर खोचून स्वतः त्यांच्यात धावायची. सुरंगी गावच्या मुली शाळा सोडून घरी बसल्या की रविवारी बस धरून त्यांच्या घरी जायची आणि एकीला तरी परत घेऊन यायची. मी झुरळाला भिणारी, साहेबांना भिणारी, इन्स्पेक्शनला भिणारी. "काय वं सुमन," ती म्हणायची, "इतकं भिऊन दमत नाही का तू?"

एके दिवशी सकाळची शाळा सुटली होती, आम्ही चालत घरी निघालो होतो. नलूच्या चपलेत खडा गेला म्हणून ती थांबली, मी बोलता बोलता चार पावलं पुढं गेले. मागून हॉर्न वाजला आणि मी वळले. एका टेम्पोला मागं टाकायला म्हणून एक जीप वेगानं आली आणि सरळ रस्ता सोडून मातीत उतरली. नलू कडेला उभी होती. डांबर संपतं तिथून चांगली तीन पावलं आत, डावी चप्पल हातात घेऊन, एका पायावर. हे मी पाहिलं. आणि जीप कोण चालवत होतं तेही पाहिलं. आमच्या कंपनीचे मोठे साहेब स्वतः स्टिअरिंगवर होते, शेजारी त्यांचा ड्रायव्हर देवजी मांडीवर हात ठेवून बसलेला. तिला उडवून जीप पुढं जाऊन थांबली. साहेब उतरले, त्यांनी नलूकडे पाहिलं, मग माझ्याकडे. दसऱ्याच्या पूजेला दरवर्षी मी त्यांच्या हातून प्रसाद घेतलेला, त्यांनी मला ओळखलं. माझ्यावरची नजर न काढता ते देवजीला म्हणाले, "इधर आ के बैठ." देवजी मुकाट्यानं स्टिअरिंगवर जाऊन बसला.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, मी पुढं होते, मला काही दिसलं नाही.

संध्याकाळी मिस्टर घरी आले. बूट काढता काढता म्हणाले, "साहेबांनी बोलावलं होतं. विचारत होते, वहिनी ठीक आहेत ना, घाबरल्या असतील. म्हणावं, फार विचार करू नका." बस, एवढंच. धमकी नाही, आवाज चढवणं नाही. पुढच्या तीन वर्षांत साहेब या विषयावर एक अक्षर बोलले नाहीत आणि म्हणूनच मी जास्त घाबरले. घर कंपनीचं, पगार कंपनीचा, माझी मुलगी कंपनीच्या बसनं बालवाडीत जायची. बसला दहा मिनिटं उशीर झाला की मी फाटकाशी जाऊन उभी राहायचे. दिवाळीला साहेबांच्या घरून मिठाईचा डबा आला, तो मला टाकवेना आणि खाववेना. आठवडाभर फडताळात राहिला, मग मोलकरणीला देऊन टाकला.

नलू वापीच्या हॉस्पिटलात दोन महिने होती. डोक्यालाही मार लागला होता. त्या दिवसातलं तिला शाळेच्या घंटेपर्यंतच आठवायचं, पुढं एकदम हॉस्पिटलचं छत. पायात सळ्या घातल्या, गुडघा वाकेनासा झाला. मी एक दिवसाआड डबा घेऊन जायचे. एकदा ती म्हणाली, "सुमन, मी कुठं होते वं? रस्त्यात मधे आले होते का मी?"

मी डब्याचं झाकण पुसत राहिले. "असशील कडेलाच... मी पुढं होते ना."

ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बरं."

भावानं वापीचा वकील गाठला आणि नुकसानभरपाईचा दावा लावला. कंपनीनं लेखी उत्तर दिलं की बाई घाईनं रस्ता ओलांडत मधे आल्या, ड्रायव्हर देवजीनं हॉर्न दिला होता, चूक त्यांचीच आहे. बरोबरच निरोप आला : माणुसकी म्हणून कंपनी काही रक्कम द्यायला तयार आहे, दावा काढून घ्या. मुख्याध्यापक म्हणाले, घ्या आणि मोकळ्या व्हा, कोर्टात माणसाची उमर जाते. भाऊ म्हणाला, लढायचं. नलू काठीवर शाळेत परत आली होती, खालच्या मजल्यावरचा वर्ग तिला दिला होता, खो-खो दुसऱ्या बाईंकडे गेला होता. मैदानाकडची खिडकी बंद करून घेत ती म्हणाली, "लढू." साक्षीदार म्हणून वकिलानं एकच नाव घातलं, माझं.

समन्स शाळेतच आलं. शिपायानं सगळ्यांसमोर माझी सही घेतली. घरी तो कागद मी मिस्टरांपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला. "तू खरं सांग," ते म्हणाले. थोडं थांबून म्हणाले, "खरं सांगितल्यावर आपण राहायला कुठं जायचं, तेही सांग." ते चांगले गृहस्थ आहेत, तेव्हाही होते. त्यांचा आवाज कापत होता. मी पंधरा दिवस दोन्ही जबान्या पाठ केल्या. पोळ्या लाटताना खरी, वर्गावर जाताना खोटी. कोणती तोंडातून निघेल हे मला शेवटच्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

कोर्टाच्या व्हरांड्यात देवजी उकिडवा बसला होता. सुरंगीचा साधा माणूस, दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन बसलेला. मला बघून उठला, हळूच म्हणाला, "बेन, तुम्ही आत काय बोलणार? माझी नोकरी जाईल..." इतक्यात कंपनीचा वकील बाहेर आला आणि त्यानं आमच्या वकिलाला बाजूला घेतलं. रक्कम वाढली होती. आमचा वकील नलूपाशी येऊन म्हणाला, "बेन, सांभळो, ऐका. लडना है तो लडेंगे. जिंकलो तर याच्या दुप्पट मिळेल, हरलो तर काही नाही, आणि जिंकलो तरी ते मुंबईला हायकोर्टात जाणार. आज सही केली तर महिन्यात चेक. पण मग पुढं पाय बिघडला तर एक पैसा मागता येणार नाही, समजून घ्या. आणि एक..." तो माझ्याकडे बघत होता. "साक्षीदार डगमगला तर केस गई."

नलूनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, तिचं झाकण खडखड वाजत होतं आणि ते मला थांबवता येत नव्हतं. पुकारा व्हायला दोन नावं राहिली होती. नलू म्हणाली, "मिटवा."

तडजोडीच्या कागदावर तिनं सही केली. मी व्हरांड्याच्या खांबामागं जाऊन ढसाढसा रडले. सुटकेचं रडू होतं ते. नलू काठी टेकत आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली... माझ्या पाठीवरून.

त्या पैशांतून नाशिकला दुसरं ऑपरेशन झालं, काही वर्षं बरी गेली. मिस्टरांनी नोकरी बदलली, आम्ही भाड्याच्या घरात गेलो, साहेब बदली होऊन कुठं गेले कळलंही नाही. कंपनीची भीती संपली आणि नलूची सुरू झाली. मी तिचा बाजार करायचे, गॅसचा नंबर लावायचे, तिच्या वह्या तपासायचे. ती सगळ्यांना सांगायची, "सुमनसारखी मैत्रीण नशिबानं मिळते," आणि मला घाम फुटायचा. नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा तिचा गुडघा पार बाद झाला, कमरेलाही दुखणं उतरलं. डॉक्टरांनी सांधा बदलायला सांगितला, खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा. ती पुन्हा वापीला वकिलाकडे गेली. त्यानं तिनं सही केलेला कागद काढून एक ओळ वाचून दाखवली, यापुढे कसलीही मागणी करणार नाही. परत आली तेव्हा माझ्या घरी येऊन ती हसत म्हणाली, "लिहिलं होतं वं तसं, मीच वाचलं नव्हतं."

त्यानंतर आठ-पंधरा दिवसांनी, एका दुपारी, मी तिच्या गुडघ्याला एरंडाची पानं गरम करून बांधत होते. हात थांबले. "नलू," मी म्हणाले, "कोर्टात त्या दिवशी मी खोटं बोलले असते की काय, मला अजून माहीत नाही."

ती म्हणाली, "अगं, म्हणून तर मिटवलं. तू खोटं बोलशील याची नाही, खरं बोलशील याची भीती होती मला."

मला कळेना. ती पानांकडे बघत बोलत राहिली. "मला तर काही आठवत नव्हतं. तुला विचारलं तर तू नजर चोरायची. मी समजले, मीच मधे घुसले असणार रस्त्यात, आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू गप्प आहेस. पिंजऱ्यात शपथ घालून विचारलं असतं तर बिचारी काय केलं असतंस तू? तुझी बाटली वाजत होती... म्हटलं, माझ्या चुकीपायी हिला कशाला."

म्हणजे दहा-अकरा वर्षं ती स्वतःला दोष देत आली होती. माझी भीती तिनं माझा चांगुलपणा धरली होती. तेव्हा मी सांगितलं. डांबर, तीन पावलं, हातातली चप्पल, स्टिअरिंगवर कोण होतं, नंतर कोण जाऊन बसलं, सगळं. ती ऐकत होती. मग तिनं पाय ओढून घेतला, पानं स्वतः सोडली आणि म्हणाली, "जा तू आता."

सहा महिने ती माझ्याशी हजेरीपत्रकापलीकडे बोलली नाही. स्टाफरूममध्ये तिच्या काठीचा आवाज आला की मी वह्यांत डोकं घालायचे. मग एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभी. आत आली, खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली. "सांग परत," म्हणाली. मी सांगितलं. "कोणती चप्पल?" डावी. "डांबरापासून किती पावलं?" तीन. "तू नक्की पाहिलं?" पाहिलं. तिनं डोळे मिटून घेतले. उठताना म्हणाली, "चहा टाक."

तिथून तो परिपाठच झाला. माफ केलं असं ती कधी म्हणाली नाही, मीही विचारलं नाही, धीर झाला नाही. पण दर रविवारी यायची, आणि पुढं निवृत्त होऊन भावाकडे अमळनेरला गेली तेव्हा फोन करायची. भाजीचे भाव, भावाची नातवंडं, गुडघा, सगळं झालं की आवाज खाली घेऊन म्हणायची, "सांग ना वं सुमन, मी कुठं होते?" आणि मी सांगायचे. दर वेळी छातीत धडधडायचं, एखादा शब्द इकडचा तिकडे होईल म्हणून.

तिच्या तेराव्याला आम्ही दोघं अमळनेरला गेलो. जेवणं झाल्यावर बायका सतरंजीवर बसल्या होत्या. नलूची म्हातारी मावशी कुणाला तरी सांगत होती, "पोर मोठी गुणाची, पण घाईची. रस्ता न बघता धावली अन् जन्माचा पाय घालवून बसली." चारपाच माना हलल्या. कंपनी नाही, साहेब नाहीत, कुणी माझं काही काढून घेणार नव्हतं, आणि तरी भीती तीच. मी उठून उभी राहिले. म्हणाले, "मावशी, मी तिथं होते. नलू धावली नाही. ती कडेला उभी होती." आणि नाव घेऊन सांगितलं, जीप कोण चालवत होतं. दारात पुरुष येऊन थांबले. माझे मिस्टर खाली मान घालून ऐकत होते.

मावशीनं डोळ्यांवर हात धरून मला नीट न्याहाळलं. "मग तेव्हा का नाही सांगितलं माय?"

"घाबरले होते," मी म्हणाले.

थोड्या वेळानं नलूच्या भावानं मला पाणी आणून दिलं आणि मी ते उभ्यानंच प्यायले.

रविवारी सकाळी घरातली कामं आटोपली की अजून माझ्या छातीत धडधड सुरू होते. कुणी विचारत नाही. मी खुर्ची ओढून बसते आणि पहिल्यापासून सांगते... शाळा सुटली होती. ऊन होतं. डांबर संपतं तिथून तीन पावलं. डावी चप्पल.