पाठीमागे बांधलेले हात

ताजी दुखापत दिसली की तो दोन्ही हात पाठीमागे बांधायचा. मालिशवाले तुम्हीही पाहिले असतील, खेळाडू कळवळला की लगेच तेलाची बाटली उघडणारे. बंगलोरच्या आमच्या कारखान्याच्या मैदानावरचा हा बेळगावकडचा अण्णा मात्र म्हणायचा, "स्वल्प दम काढ. आधी बर्फ, मग हात."

बर्फ तो कोपऱ्यावरच्या उसाच्या रसाच्या गाडीवरून आणायचा. फाटलेला स्नायू लगेच चोळला तर आत आणखी रक्त साचतं, हे त्याने इतक्यांदा ऐकवलं होतं की रसवालाही ते गिऱ्हाइकांना सांगायचा.

मी तेव्हा कारखान्याकडून चारशे मीटर धावायचे आणि जेवणाच्या सुट्टीत युनियनची पत्रकं वाटायचे. नोकरी तात्पुरती. कारखान्यांच्या स्पर्धेत पदक मिळालं तर कायम होणार होते. स्पर्धेला चार दिवस उरले असताना वळणावर मांडीच्या मागे काहीतरी तटकन तुटलं.

क्रीडा अधिकारी आले. चोळून काढ, वर इंजेक्शन देऊ, पळेल ती, असं त्यांनी फर्मावलं. अण्णाचे हात पाठीमागेच.

सांगायला लाज वाटते, पण मीही त्याला विनवलं. नोकरीचा प्रश्न आहे, म्हणाले.

तो माझ्याशेजारी गवतात बसला. "अक्का, तुझ्या पत्रकात काय छापलंय? कामगाराचं अंग मालकाचं न्हाई म्हणून. मग हा पाय कुणाचा?"

अधिकाऱ्यांनी त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. दुसरा माणूस तेल घेऊन आला. मी पाय आखडून घेतला आणि नाही म्हणाले. माझं पहिलं खरं पत्रक तेच, एका शब्दाचं.

स्पर्धा गेली, नोकरीही गेली. अण्णा मात्र येलहंक्याहून बसने येत राहिला. मैदानात त्याला मनाई, म्हणून कुंपणाबाहेरच्या फुटपाथवर त्याने मला आधी चालवलं, मग पळवलं. दुखलं की बोलायचं. मुकाट सोसलंस तर मी परत जातो, एवढीच त्याची अट.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते पुढच्या वर्षी. त्याच मैदानावर मी दुसऱ्या कारखान्याकडून धावत होते. अधिकारी मंडपात बसलेले. कुंपणापलीकडे, त्याच वळणापाशी, अण्णा हात पाठीमागे बांधून उभा.

वळण पार केलं, मांडी टिकली, आणि ओझरतं पाहिलं. त्याने हात सोडले होते.