कोषातून निघालेल्या

राजधानीतल्या कोपर्निकस मार्गावरच्या एका जुन्या सरकारी इमारतीत मी कामासाठी दर आठवड्याला जायचो. तिथे खिडकीपाशी एक मराठी क्लार्क बसायचे. नाव कधी विचारलं नाही. बोलणं इतकं संथ की त्यांचं वाक्य संपेपर्यंत ऐकणाऱ्याला गुंगी यावी. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी होती. त्या झाडावरच्या अळ्यांशी मात्र ते माझ्यापेक्षा जास्त बोलत.

त्यातली एक अळी फांदीला चिकटून कोषात गेली.

"हा प्यूपा ना?" मी विचारलं.

"कोष म्हणा," ते म्हणाले. "दहा-बारा दिवस थांबा. फुलपाखरू निघेल, काळं, त्यावर अगदी लिंबाच्या रंगाचे ठिपके."

पुढे मी गेलो तेव्हा कोष काळपट पडला होता. त्याला टाचणीने टोचल्यासारखं भोक होतं आणि त्यातून मुंगीहून लहान गांधीलमाश्या एकामागून एक निघत होत्या. उन्हात त्या हिरव्या-सोनेरी धुळीसारख्या तरंगत होत्या.

"यांच्या आईने कोषात अंडी घातली असणार," ते म्हणाले. "आतलं फुलपाखरू खाऊनच या मोठ्या झाल्या."

मी टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं. त्यांनी माझा हात धरला.

"अहो, नको. आत्ताच जन्मल्यात."

त्यांनी खिडकी सताड उघडली. एक माशी कुंडीच्या काठावर मागे राहिली. तिला त्यांनी कागदावर घेतलं आणि ती उडेपर्यंत हात बाहेर धरून उभे राहिले. मग माझी फाईल पुढे ओढली; पण त्यांच्या भरल्या डोळ्यांना बराच वेळ अक्षरं लागत नव्हती.