दोन घमेली लाल माती

कॉलेजातल्या दगडवाल्या मॅडमची जीप चालवतो मी. किस्से काय, डिकीतल्या दगडांसारखे साचतात. एक काढायला जावं तर चार पायावर पडतात!

*

जांभूळ गावात पयल्याच दिवशी मॅडमनी खड्ड्यातली लाल माती उचलली आणि थेट तोंडात! चावली, थुंकली. "बारीक आहे, दाताखाली कचकचत नाही."

चहावाला गुपचूप वडापाव घेऊन आला. "ताई, आधी हे खा. पैसे राहू द्या!"

*

कात्रपला एका बिल्डिंगमागं टेप लावून उतार मोजत होतो. एक काका मागेच लागला, "रोड जातोय का? रोड जातोय का?"

डोकं सटकलं माझं. "हो, जातोय. तुझ्या किचनमधून!"

सगळी बिल्डिंग खाली! मॅडमना घेराव. काका सगळ्यात पुढे, "किचन सोडा, बेडरूममधून न्या!"

*

उल्हासनगरला दगड भरायच्या पिशव्या घ्यायला गेलो. सिंधी शेठ बोलला, "इतना पत्थर किसको बेचते हो?"

मॅडम बोलल्या, "बेचते नहीं, देखते हैं."

शेठनी माझ्याकडं बघितलं. "और तेरे को पगार भी मिलता है? साईं, एक आदमी और लगेगा क्या?"

*

आता आमच्या घरामागचं. टेकडी कापली तिथं काळ्या दगडाच्या दोन थरांमधी वीतभर लाल पट्टा.

मॅडम नाचायच्याच बाकी. "खालचा लाव्हा थंड झाला, त्याची माती झाली, झाडं उगवली. मग वरून पुन्हा लाव्हा! माणसाच्या कितीतरी आधीची जमीन आहे ही!"

वर्षभर हीच शोधत होत्या. आणि उद्या बिल्डर त्याच्यावर काँक्रीटची भिंत घालणार!

त्यांनी पट्टा खरवडून साफ केला. धूळ नाकात जाऊन सर्दी झाली, तशाच माती भरायचे डबे आणायला गेल्या. "कुणाला हात लावू देऊ नका हं."

तेवढ्यात जेसीबी आला. "एक खडा हलला तर बघ!" आवाज बसेपर्यंत भांडलो. घालवला त्याला.

मागं वळतो तर पट्टा गायब! आत नुसता काळा दगड. आणि आई ओट्यावर घमेली घेऊन बसलेली. उद्या सण, सारवायचं होतं.

"एवढी साफ करून ठेवलीस, मला वाटलं माझ्यासाठीच!"

मॅडम आल्या, बघितलं आणि रडायलाच लागल्या.

"रडतेस कशाला पोरी?" आई बोलली. "ही बघ दोन घमेली. एकात शेण कालवलंय, एक कोरं हाय. कुठलं ते काय आता ध्यानात नाय."

मला वास येत होता. सांगायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना!

मॅडमचं नाक चोंदलेलं. त्यांनी एका घमेल्यातली चिमूट उचलली आणि तोंडात टाकली. चावली. थांबल्या.

मग हळूच दुसरं घमेलं पुढं ओढलं.