मी खोडलेली साक्षीदार

माझ्या भाचीला तिच्या कार्ला गावच्या नवऱ्याने काडीमोड दिला होता, चार पंचांसमोर, रीतसर काडी मोडून. वर्षभराने तिच्या पाटाची, म्हणजे दुसऱ्या लग्नाची, बोलणी सुरू झाली तेव्हा या गृहस्थाला प्रेम आठवले. त्याने वडगावच्या कोर्टात दावा लावला : बायको नांदायला येत नाही, काडीबिडी काही मोडलेली नाही. आमच्याकडे कागद नव्हता. साक्षी फसल्या तर पोरीला पुन्हा त्याच्या लाथा खायला जावे लागणार होते.

मी लोणावळ्याला मुलींच्या शाळेत शिकवायचे. लोणच्याच्या बरण्यांनासुद्धा अनुक्रमांक देणारी बाई मी. खटला साहजिकच माझ्या हाती आला. पंचांना ओटीवर बसवून मी साक्ष पाठ करून घेतली. सोमवार, दोन प्रहर, चिंचेखाली, तोंड पूर्वेला. पाचवी साक्षीदार एक मावशी होती. काडी तिच्याच दारातल्या चिंचेखाली मोडली होती. पण ती एका प्रश्नाला सात उत्तरे द्यायची. मी तिला यादीतून खोडले आणि भाकऱ्यांची टोपली सांभाळायला दिली.

कोर्टात पहिल्या पंचाने धडा बिनचूक म्हटला. मी मान डोलावली. दुसऱ्याने अक्षरशः तोच म्हटला. तिसरा ‘तोंड पूर्वेला’ म्हणाला, तेव्हा समोरच्या वकिलाने विचारले, “पूर्व कुठे आहे?” त्याने न्यायाधीशांकडे बोट दाखवले. चौथ्याच्या वेळी साहेबांनी टाक खाली ठेवला.

“हे सगळं कोणी शिकवलं?”

“ह्या मास्तरीणबाईंनी,” तो आदराने म्हणाला. “चुकलं तर परत म्हनाया लावत्यात.”

भाचीने माझ्याकडे पाहिले. ती रडली असती तर बरे वाटले असते.

आमचे वकील कानाशी आले. “तिथं आणखी कोणी होतं?”

“एक होती. मी खोडली.”

मावशी टोपलीसकट आत आली. काडी कुठून आली, असे वकिलांनी विचारले.

“माज्या खराट्यातनं. ह्यो मागाया आला. म्या म्हनलं, बाबा, नवा खराटा हाय. तरी एक दिली. ती शेनात भिजल्याली, मोडंना, नुसती वाकली. मंग दुसरी दिली.”

नवरा ताडकन उठला. “कुटं दिलीस? न्हाई म्हनत हुतीस! मीच उपसून घेतली!”

कोर्ट हसले. त्याचा वकील तेवढा हसला नाही. दावा फेटाळला गेला.

परतताना गाडीत भाचीने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मग म्हणाली, “आत्या, पाटाला यादी करू नकोस.”

“बरं,” मी म्हणाले. पाटाची यादी तेव्हा माझ्या पिशवीतच होती.

पाटाआधी आम्ही दोघी मावशीकडे नवा खराटा घेऊन गेलो. तिने तो आढ्याला खोचला आणि भाचीला बजावले, “आता ह्यातली काडी कुनाला बी देनार न्हाई. तुज्या नव्या नवऱ्याला तर मुळीच न्हाई.”