टेक म्हणजे घेणे, आणि आपले गुरुजी

चौऱ्याण्णवच्या पाचवीतल्या मंडळींनो, आज माझं डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

"टी ए के ई टेक, टेक म्हणजे घेणे." आठवतंय? रोज सकाळी सूर लावून म्हणायचो. एका शब्दाला एकच अर्थ, विषय संपला.

आज सकाळी लेकीचा अभ्यास घ्यायला बसले. वेळ लागणं टेक, फोटो काढणं टेक, आणि परीक्षा देणं, तेही टेकच. डिक्शनरीत या एका शब्दाला दोन पानं आहेत. मी चिडलेच.

दुपारी कामासाठी बारामतीहून इंदापूरला जायचंच होतं. डिक्शनरी पिशवीत टाकली आणि काम झाल्यावर थेट आपल्या इंग्रजीच्या गुरुजींचं घर गाठलं. आता ऐंशीचे झालेत. ती पानं त्यांच्यासमोर धरून विचारलं, "गुरुजी, मी टेकचा दुसरा अर्थ विचारला तेव्हा छडी का मारलीत?"

त्यांनी दोन्ही पानांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मलाच येवढा एक अर्थ ठाव व्हता, बाई. आदल्या दिवशी धडा पाठ करायचो अन् तुमाला शिकवायचो."

यावर काय भांडणार? मी उठले, तर त्यांनी चष्मा लावला, पेन्सिल घेतली. "बस हितं. पयल्यापास्नं सांग."

नऊ अर्थ लिहून होईपर्यंत माझ्या दोन एसट्या गेल्या. दीड पान अजून बाकी आहे. रविवारी पाठांतर घ्यायला ये म्हणालेत.

मला एकटीला हे झेपणार नाही. छडी खाल्लेल्यांपैकी कोण कोण येतंय?