पुढे ओढलेली सीट

त्या सकाळी मी नेहमीसारखी बाहेर येऊन नफीसाआपाच्या गाडीपाशी उभी राहिले. सौदीतल्या हुफूफच्या एका हॉस्पिटलात ती वॉर्डात सिस्टर, मी लॅबमध्ये. क्वार्टर्समध्ये ती वर, मी खाली. ड्यूटीला ती मला बरोबर घेऊन जायची आणि उशीर कायम माझा असायचा, तिचा कधीच नाही. म्हणून गाडीच्या काचेवरची धूळ तशीच पाहून मला आधी गंमतच वाटली. आज सापडली आपा, म्हटलं, आता चांगली चिडवते. फोन लावला. वाजत राहिला… पुन्हा लावला. मग वर गेले, दार ठोठावलं, वॉचमनला चावी आणायला पळवलं. ती झोपेतच गेली होती. चेहरा इतका शांत की मी कितीतरी वेळ तिला हाका मारत होते.

आपा श्रीवर्धनकडची. तरुणपणी नवरा गेला, मुलाला घेऊन ती इथे आली आणि वॉर्डात उभं राहून राहून तिने त्याला वाढवलं, शिकवलं. या देशात बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली तेव्हा तिची पन्नाशी उलटली होती. आम्ही सगळ्या नुसत्या गप्पा मारत राहिलो, ही जाऊन लायसन घेऊन आली. मायदेशी परतणाऱ्या कुणाची तरी पांढरी जुनी गाडी घेतली. उंची बेताची, पाय पोचेनात. मग सीट जाईल तितकी पुढे ओढली आणि तिच्यावर आईच्या जुन्या साडीची, कापूस भरलेली उशी ठेवली. पहिल्या दिवशी मी शेजारी बसले तर म्हणाली, "पट्टा लाव गो बाय, आन् गप बस. मना रस्त्याकडं बघू दे." मी गप्प बसले खरी, पण ती कसली गप्प बसतेय! कुणी मागून हॉर्न मारला की सुरू. "यल्ला बाबा, जा तू पुढं. तुजी बायको वाट बघतेय." त्या माणसाला काय कळणार? मी मात्र हसून हसून लोळायची बाकी असायचे. शुक्रवारी आम्ही खजुरांच्या बागांतून उगाचच चक्कर मारायचो. कुठे जायचं असं काही नसे. जाता येतं, एवढ्याचंच तिला अप्रूप होतं.

तिचा इम्रान अमेरिकेत इंजिनिअर आहे. एका डिसेंबरात त्याचा फोन आला, तेव्हा मी तिच्याकडेच चहा पीत होते. आपली जुनी गाडी तिकडच्या एका ट्रस्टला देऊन टाकली, म्हणाला. वर्ष संपायच्या आत दिली की टॅक्समध्ये सूट मिळते. आपाने फोन ठेवला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "अल्लाच्या नावानं दिलंन आन् सरकारकडनं परत घेतलंन! इथं तर आपल्याला टॅक्सच नाय. मना कसली सूट?" पण ते तिच्या डोक्यात बसलं. गेल्या वर्षी निवृत्त होऊन कायमचं गावी जायचं ठरलं, तेव्हा गाडीला गिऱ्हाईक बघू का म्हणून मी विचारलं. विकायची नाही, म्हणाली, द्यायची. गरीब रुग्णांना डायलिसिसला ने-आण करणारी एक जमिया, म्हणजे धर्मादाय संस्था, तिने शोधूनही ठेवली होती. कधी देणार विचारलं तर इम्रानची नक्कल करत म्हणायची, "वर्ष संपायच्या आत!"

आणि मग ती त्या गाडीच्या मागेच लागली. एसी दुरुस्त केला, सीटा धुऊन घेतल्या, चारही टायर नवे घातले. मी वैतागले. देऊनच टाकायची गाडी, तिला नवे टायर कशाला?

"आपल्याला बसावंसं वाटल तसं द्यावं गो. डायलिसिसवरनं दमून आलेल्या मान्साला काय गरम हवा देव?"

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती गेली.

दफनाला इथे बायका जात नाहीत. आपाला कुठे ठेवलंय ते मी पाहिलेलं नाही. माझ्यापुरती ती उरली होती फक्त त्या पार्किंगमध्ये. बॅटरी उतरू नये म्हणून मी मधूनमधून गाडी चालू करायला जायचे. पण बसायचे शेजारच्याच सीटवर, आणि हात लांब करून किल्ली फिरवायचे. एसी सुरू व्हायचा, गार वारा यायचा… आणि मी पट्टा लावून बसून राहायचे. वेडेपणाच तो. पण दुसरीकडे कुठे जाऊन रडणार होते?

इम्रान आला. गाडी आपाच्या नावावर, त्यामुळे वारसाचे कागद झाल्याशिवाय ती कुणालाच देता येईना. कचेऱ्यांच्या खेपांमध्ये डिसेंबर संपून गेला. शेवटी सगळं हातात आलं आणि गाडी पोचवायच्या सकाळी हा पोरगा पार्किंगमध्ये अडूनच बसला.

"आंटी, नको देऊया. तिकडे मी इतक्या गाड्या दिल्या, मागे वळून बघितलं नाही. ये मुझसे नहीं होगा."

खरं सांगते, मलाही तेच हवं होतं. गाडी तिथेच, तशीच राहावी. पण समोर ते नवे टायर दिसत होते. मी म्हटलं, "इम्रान, तिने ती केव्हाच दिलीय रे. आपण फक्त पोचवायची आहे."

तो उशी अलगद मागच्या सीटवर ठेवून आत बसला. चांगला सहा फुटी माणूस, गुडघे स्टीअरिंगला टेकले, डोकं छताला. सीट मागे घे, मी म्हटलं. "राहू दे आंटी," म्हणाला, आणि तसाच, अंग चोरून, शहराच्या दुसऱ्या टोकापर्यंत त्याने गाडी चालवली. मी शेजारी पट्टा लावून गप्प. मागून कुणीतरी हॉर्न मारला. आम्ही दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

जमियाच्या माणसाने पावती कुणाच्या नावाने करू विचारलं. इम्रानने आईचं नाव सांगितलं. मग त्यांचा ड्रायव्हर गाडी आत लावायला आला. दार उघडून मागची उशी बघितली, ती अदबीने माझ्या हातात दिली. आत बसायला गेला तर पाय मावेनात. त्याने खाली हात घालून खटका ओढला आणि सीट घर्रकन मागे गेली.

इम्रानने तोंड फिरवलं. मी उशी छातीशी धरून भर अंगणात हुंदके देऊन रडले. तो ड्रायव्हर बिचारा घाबरला. आपल्या हातून काही मोडलं असं वाटून सीटखाली वाकून बघू लागला.

इम्रान परत गेला. मी आता हॉस्पिटलच्या बसने जाते. उशी माझ्या खिडकीपाशी खुर्चीवर आहे, मधोमध आपाच्या बसण्याचा खळगा. शुक्रवारी घर आवरताना बाकी सगळं झटकते, तिला हात लावत नाही. कापूस फुगला तर तो खळगा भरून येईल.